फिशिंग रॉडला गाईड कोणते, किती आणि कुठे लावायचे? एका तुटलेल्या तंगूसातून शिकलेलं सोपं गणित

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी मूळची अकोल्याची, पण डिप्लोमासाठी अमरावतीला राहते. माझे मामा मोर्शीकडे राहतात. मामांनी आयुष्यभर वेळूच्या काठीने गळ टाकला. पण वर्षभरापूर्वी गाडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा निखळला आणि ती लांब, जड काठी त्यांना पेलेना. म्हणून मी शिल्लक टाकलेल्या पैशांतून त्यांच्यासाठी ७ फुटी तयार कार्बन रॉड आणि एक स्पिनिंग रील घेतलं.

गावाजवळच्या तलावावर पहिल्याच सकाळी मासा लागला. रील कर्रकर्र वाजलं, रॉड कमानीसारखा वाकला आणि दहा सेकंदांत सट्‌ आवाज होऊन सरळ झाला. मासा गेला. गरी त्याच्या तोंडात आणि पाच-सहा हात तंगूस पाण्यात.

मला वाटलं, लाईनच खराब निघाली. मामा म्हणाले, "काठी नाई मोडली, बाई. तंगूस तुटला. पण कुठी तुटला, थे पाय पयले."

पाहिलं तर गाठ शाबूत असावी असं दिसत होतं, कारण तंगूस गरीपासून बराच वर तुटला होता. उरलेल्या टोकावरून नख फिरवलं तर हातभर भाग खरखरीत लागला. मग मोबाईलचा टॉर्च लावून रॉडवरची एकेक कडी बघितली. दुसऱ्या कडीच्या आतल्या रिंगला केसाएवढी चीर होती.

मित्रांनो, त्या चिरेने मला दोन महिने कामाला लावलं. शेवटी मी त्याच रॉडच्या सगळ्या कड्या काढून नव्याने बसवल्या. आजच्या लेखात तेच सांगते: गाईड कसे निवडायचे, पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा. नवीन रॉड स्वतः बांधणार असाल किंवा जुना दुरुस्त करणार असाल, दोन्हीकडे हेच लागू पडतं.

## गाईड म्हणजे नेमकं काय?

रॉडची नुसती पोकळ काठी, म्हणजे हँडल, रील, कड्या काहीच न लावलेली, तिला ब्लँक म्हणतात. त्यावर ज्या कड्यांमधून लाईन जाते त्या कड्या म्हणजे गाईड. शेंड्याला बसते ती टिपटॉप.

एका गाईडचे तीन भाग असतात:

- रिंग: आतलं गुळगुळीत कडं. लाईन फक्त याला घासते.
- फ्रेम: रिंगेला धरून ठेवणारी धातूची चौकट.
- पाय: ब्लँकवर टेकवून दोऱ्याने बांधायचा चपटा भाग. एक पाय असेल तर सिंगल फूट, दोन असतील तर डबल फूट.

मामांच्या वेळूच्या काठीला एकही कडी नाही, तरी ती वर्षानुवर्षं चालली. असं कसं? कारण तिथे तंगूस थेट शेंड्याला बांधलेला असतो. तो काठीवरून धावतच नाही. रील आलं की लाईन धावायला लागते, आणि धावणारी लाईन आली की घर्षण आलं. गाईडची सगळी गोष्ट या घर्षणाची आणि रॉडवरचा भार वाटून घेण्याची आहे.

## बैलाचा कासरा आणि खुंटा

शेतावर हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बैल ओढ घेतोय, तुम्ही कासरा नुसता हातात धरला तर फरफटत जाल. पण तोच कासरा खुंट्याला दोन वेढे मारून धरला, तर दहा वर्षांचं पोरगंही बैलाला थोपवतं. वेढ्यांमधल्या घर्षणाने ओढ कित्येक पटींनी बदलते.

किती पटींनी, याचं एक सूत्र आहे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ते कॅपस्टन समीकरण या नावाने भेटतं. सूत्रात जात नाही, सार एवढंच: ओढीतला फरक फक्त दोन गोष्टींवर ठरतो. एक, पृष्ठभाग किती खरखरीत आहे, म्हणजे घर्षणांक. आणि दुसरी, दोरी एकूण किती अंशांत वळली. खुंटा जाड की बारीक, याने फरक पडत नाही. घर्षणांक ०.३ धरला तर दोन वेढ्यांत ओढ सुमारे ४३ पट बदलते!

आता रॉडकडे या. मासा ओढतोय आणि रॉड कमानीसारखा वाकलाय. रीलपासून माशापर्यंत लाईन एकूण साधारण ९० अंशांत वळते, म्हणजे पाव वेढा. हा पाव वेढाही किती महाग पडतो बघा. समजा रीलचा ड्रॅग २ किलोवर लावलाय, म्हणजे २ किलोची ओढ आली की रील लाईन सोडणार:

- रिंगा गुळगुळीत, घर्षणांक ०.१: माशाच्या बाजूला ओढ सुमारे २.३ किलो
- रिंगा साधारण, घर्षणांक ०.१५: सुमारे २.५ किलो
- रिंगा खरखरीत, घर्षणांक ०.३: सुमारे ३.२ किलो

माझा तंगूस होता ३ किलोचा. मी ड्रॅग २ किलोवर लावला होता, तोही सामान तोलायच्या ताणकाट्याने मोजून. हिशोबाने तंगूस तुटायलाच नको होता. पण मी ओढ मोजली होती ती रीलजवळ, लाईन सरळ धरून. कड्यांमधून फिरून गेल्यावर माशाच्या बाजूला ती किती होते, हे मोजलंच नव्हतं. त्यात ती चीर तंगूस खरवडत होती, म्हणजे ३ किलोचा तंगूस ३ किलोचाही उरला नव्हता.

पहिला धडा: ड्रॅग मोजायचा तो लाईन सगळ्या गाईडमधून ओवून, रॉड वाकवून, शेंड्याकडच्या टोकाला काटा लावून. यासाठी नवीन काहीच विकत घ्यावं लागत नाही.

## मग गाईड जास्त लावले तर घर्षण वाढणार ना?

मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या तयार रॉडवर टिपटॉप धरून फक्त ५ गाईड होते आणि मला ते चांगलंच वाटायचं: कड्या कमी म्हणजे अडथळा कमी.

पण वरचं सूत्र पुन्हा बघा. एकूण वळण ९० अंश. ते तुम्ही ३ कड्यांत वाटा की ९ कड्यांत, बेरीज ९० च राहते. म्हणजे मासा ओढताना होणारं घर्षण कड्यांच्या संख्येने जवळपास बदलत नाही. बदलतो तो एकेका कडीवरचा दाब.

समजायला सोपं म्हणून वळण सगळ्या कड्यांत सारखं वाटलंय असं धरू, आणि लाईनमधली ओढ २ किलो:

- ३ कड्या, प्रत्येकीवर ३० अंशांचं वळण: एका कडीवर दाब सुमारे १ किलो
- ९ कड्या, प्रत्येकीवर १० अंशांचं वळण: एका कडीवर दाब सुमारे ३५० ग्रॅम

म्हणजे दाब जवळपास एक तृतीयांश झाला. कमी कड्या असल्या की लाईन कडीच्या कोपऱ्यात काटकोनाकडे मोडते, तिथेच तापते, तिथेच घासते. शिवाय ब्लँकही सलग कमानीत न वाकता दोन-तीन ठिकाणीच जास्त वाकतो. त्या जागा पुढे तुटायच्या जागा ठरतात.

मग २० गाईड का लावत नाहीत? वजनामुळे. प्रत्येक कडी, तिचा दोरा, तिच्यावरचा इपॉक्सी हे सगळं ब्लँकवर चढतं. हँडलजवळ एखादा ग्रॅम वाढला तर जाणवतही नाही. पण शेंड्याजवळ तोच ग्रॅम काठीला मंद करतो, फेकल्यावर शेंडा जास्त वेळ थरथरतो आणि माशाची बारीक टोचणी हाताला कळत नाही. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला तर शेंड्याचं वजन लगेच कळतं.

बांधणाऱ्यांचा जुना अंदाज असा: रॉड जितके फूट, तितके अधिक एक. ७ फुटाला साधारण ८. हा नियम नव्हे, सुरुवात आहे. शेवटचा आकडा पुढे येणारी बाटलीची चाचणी ठरवेल.

## रिंग कशाची घ्यायची? पैसा इथे घाला

मोबाईल घेताना आपण स्क्रीनवरची काच बघतो, कारण रोज घासते ती तीच. गाईडमध्ये ते काम रिंगेचं.

नुसती स्टील किंवा क्रोम चढवलेली रिंग: स्वस्त आणि आपटली तरी फुटत नाही. साध्या तंगूसाला चालून जाते. पण ब्रेडेड लाईन, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाईन, साध्या स्टीलच्या रिंगेत हळूहळू खाच पाडते. एकदा खाच पडली की तीच खाच लाईन कापते.

ॲल्युमिनिअम ऑक्साइडची सिरॅमिक रिंग: माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे स्फटिक आहेत, तोच हा पदार्थ. स्टीलपेक्षा खूपच कडक. तंगूस असो की ब्रेडेड, आपल्या तलावावरच्या कामाला पुरेशी.

सिलिकॉन कार्बाइडची रिंग: बाजारात 'एसआयसी' म्हणून मिळते. जपानच्या 'फुजी'ने १९८० च्या दशकात गाईडमध्ये आणली आणि नंतर ती सगळीकडे पसरली. गाड्या रंगवणाऱ्यांकडे काळा वॉटर पेपर बघितलाय? त्यावरचे काळे कण बहुधा हेच सिलिकॉन कार्बाइड असतात. मग लाईन कापत कशी नाही? कारण रिंग आरशासारखी पॉलिश केलेली असते. कडकपणामुळे ती पॉलिश टिकते, आणि हा पदार्थ उष्णता पटकन पसरवतो, त्यामुळे मासा जोरात पळाला तरी लाईन एका बिंदूवर तापत नाही.

सिरॅमिकचा एक दोष लक्षात ठेवा: कडक आहे, पण ठिसूळ आहे. रॉड बसच्या टपावर आपटला, दगडावर पडला की रिंगेला चीर जाऊ शकते, आणि ती सहज दिसत नाही. माझ्या रॉडचंही असंच काहीतरी झालं असणार.

चीर शोधायची सोपी पद्धत: कान साफ करायची कापसाची काडी घ्या, रिंगेच्या आतून गोल फिरवा. कापसाचा एक तंतू जरी अडकला, तरी ती कडी बदला. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बाजूने टॉर्च मारला तरी चीर चमकते. एका मिनिटाचं काम आहे.

## फ्रेम आणि पाय: इथे पैसा वाचवा

फ्रेम साधारण दोन प्रकारची मिळते. स्टेनलेस स्टीलची आणि टायटॅनिअमची. टायटॅनिअम हलकं असतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही गंजत नाही, पण किंमत बरीच जास्त. कोकणात खाडीवर गळ टाकणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. आपल्या वऱ्हाडात नदी, तलाव आणि धरणाच्या गोड्या पाण्यासाठी चांगलं स्टेनलेस स्टील भरपूर झालं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडं करा.

पायांचं असं: हँडलजवळच्या एक-दोन मोठ्या कड्या डबल फूट घ्या, कारण त्या उंच असतात आणि सहज वाकतात. पुढच्या सगळ्या सिंगल फूट. त्यांना एकाच बाजूला दोरा लागतो, म्हणून वजन कमी, आणि शेंडा मोकळेपणाने वाकतो.

## आकार: मोठ्यापासून लहानाकडे का?

गाईडवर २५, १६, १०, ६ असे आकडे असतात. हा साधारणपणे रिंगेचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. आतलं भोक त्याहून लहान असतं, हे विसरू नका.

स्पिनिंग रीलमधून लाईन सरळ येत नाही. स्पूलवरून ती स्प्रिंगसारखी गोल-गोल उसळत सुटते. ती पहिल्याच लहान कडीत कोंबली तर कडीवर आपटून फेक मरते. म्हणून पहिली कडी मोठी आणि उंच, मग पुढच्या लहान होत जातात. तेल ओतायचं नरसाळं आठवा, तसंच. वळसे हळूहळू आवळत लाईन सरळ करायची. एकदा ती सरळ झाली की पुढे लहानात लहान कडी पुरते.

लहान म्हणजे किती? तुमची लीडरची गाठ अडखळता न जाईल इतकी. साध्या कामाला ६ पुरते. जाड तंगूसाचा लीडर बांधत असाल तर ८ घ्या. विकत घेण्याआधी हातातल्या एका कडीतून गाठ ओढून बघा.

बेटकास्टिंग रील असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्पूल फिरतो आणि लाईन जवळपास सरळ येते, म्हणून पहिल्यापासूनच लहान कड्या चालतात. पण त्या काठीच्या वरच्या बाजूला असतात. रॉड वाकला की दोन कड्यांमधली लाईन ब्लँकला टेकू शकते. तिथे कड्या कमी लावून चालतच नाही.

## जागा: २७ चा नियम

स्पिनिंग रॉड बांधणाऱ्यांमध्ये एक नियम चालतो. रीलच्या स्पूलच्या पुढच्या कडेचा व्यास मोजा आणि २७ ने गुणा. स्पूलपासून तेवढ्या अंतरावर लाईन सरळ झालेली असावी, म्हणजे तिथे पहिली लहान कडी यावी. तिला चोक गाईड म्हणतात.

माझ्या रीलचा स्पूल ४६ मिमी. ४६ × २७ = १२४२ मिमी, म्हणजे साधारण १२४ सेंमी. पहिल्या मोठ्या कडीसाठी मी स्पूलच्या व्यासाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे २५ नंबर घेतली आणि स्पूलपासून ५५ सेंमीवर ठेवली. मग मधल्या आणि पुढच्या कड्या अशा जुळवल्या, की शेंड्याकडून मागे येताना अंतर वाढत जाईल.

माझ्या ७ फुटी रॉडवर टिपटॉपपासून मोजलेल्या जागा अशा आल्या:

- टिपटॉप: शेंड्याला
- ६ नंबर: ११.५ सेंमी
- ६ नंबर: २४.५ सेंमी
- ६ नंबर: ३९ सेंमी
- ६ नंबर, चोक: ५४ सेंमी
- १० नंबर: ७४ सेंमी
- १६ नंबर: ९७ सेंमी
- २५ नंबर: १२३ सेंमी

टिपटॉप धरून ८. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमचा ब्लँक वेगळा वाकेल, तुमचा स्पूल वेगळा असेल. पद्धत उचला.

## बाटलीची चाचणी आणि मोबाईलचा कॅमेरा

आता सगळ्यात महत्त्वाचं. कड्या दोऱ्याने बांधण्याआधी फक्त चिकटपट्टीने लावा आणि रॉड वाकवून बघा.

१. हँडल पलंगाच्या किंवा टेबलाच्या पायाला कापडाने घट्ट बांधा, रॉड आडव्याच्या थोडा वर तिरपा ठेवा.
२. लाईन सगळ्या कड्यांमधून ओवा. टोकाला अर्धा लिटर पाण्याची बाटली लावा. ती अर्धा किलोची झाली. गरजेप्रमाणे एक लिटरपर्यंत जा. ब्लँकवर लिहिलेल्या ताकदीच्या पुढे जाऊ नका आणि डोळ्यांना चष्मा लावा.
३. मोबाईल बाजूला, रॉडच्या बरोबर काटकोनात, तीन-चार पावलं लांब ठेवून फोटो काढा. तिरका काढला तर कोन चुकीचे दिसतील.
४. फोटोवर बोटाने लाईनच्या रेषा ओढा. प्रत्येक एडिटरमध्ये ही सोय असते.

काय बघायचं? लाईन प्रत्येक कडीवर थोडी-थोडी वळायला हवी. शेंड्याकडे वळण जास्त, हँडलकडे कमी, पण मध्येच एखादा मोठा कोपरा नको. कोपरा दिसला तर ती कडी एक-दोन सेंटीमीटर सरकवा, पुन्हा फोटो. तरी जाईना तर एक कडी वाढवा. मी नऊ फोटो काढले. पहिला आणि नववा शेजारी ठेवले तेव्हा कळलं, की जुन्या ५ कड्यांवर लाईन शेंड्यामागे जवळपास मोडत होती.

## स्लो-मोशनमध्ये फेक तपासा

दुसरी चाचणी मोकळ्या मैदानात. गरी काढून टाका, लाईनला फक्त शिसं बांधा. बजेट फोनमध्येही आता १२० एफपीएस स्लो-मोशन असतं. मित्राला बाजूला उभं करून पहिल्या दोन कड्यांचा व्हिडिओ घ्यायला सांगा.

व्हिडिओत लाईनचे वळसे ब्लँकवर आपटताना दिसले, तर पहिली कडी बहुधा रीलच्या फार जवळ, फार बुटकी किंवा फार लहान आहे. प्रत्येक रचनेत पाच फेकी करा आणि अंतर टेपने मोजून सरासरी काढा. एका फेकीवरून निर्णय घेऊ नका, वाऱ्याची झुळूकसुद्धा फसवते.

सावधान: कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. शेतावरून जाणाऱ्या तारांखाली, डीपीजवळ किंवा ढग गडगडत असताना रॉड उभा धरायचाच नाही. हे गंमत म्हणून लिहीत नाही.

## बांधणी थोडक्यात

- कड्यांच्या पायाचं टोक बारीक कानशीने उतरतं करा, म्हणजे दोरा पायरीवर न अडकता वर चढतो. पायाखालची धारही मोडा, नाहीतर ती ब्लँकला टोचते.
- बारीक नायलॉनचा दोरा ताणून, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. शेवटी डोळ्याजवळ रॉड धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का बघा.
- वर दोन भागांचा, रॉडसाठी मिळणारा लवचिक इपॉक्सी लावा. साधा कडक इपॉक्सी रॉड वाकला की तडकतो. इपॉक्सी सुकेपर्यंत रॉड सावकाश फिरवत राहा, नाहीतर खाली थेंब लोंबतात. मी पोर्शनवर टीव्ही बघत दोन तास हाताने फिरवला.
- टिपटॉप मात्र इपॉक्सीने नको, गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवा. पुढे बदलायची झाली तर थोडी ऊब दिली की निघते. म्हणूनच मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५ च्या घरात असताना, रॉड बंद गाडीत ठेवू नका.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बजेट कमी आहे, सगळ्या कड्या महागड्या घेऊ का?
नाही. टिपटॉपवर वळण सगळ्यात जास्त असतं आणि लाईन सगळ्यात जास्त तिथेच घासते. चांगली रिंग आधी तिथे, मग पहिल्या मोठ्या कडीला. मधल्या साध्या सिरॅमिक चालतील.

वेळूच्या काठीला गाईड लावता येतात का?
येतात. पेरावर न लावता दोन पेरांच्या मध्ये सपाट जागी लावा, आणि काठी पूर्ण वाळलेली हवी.

कुठेही गळ टाकला तर चालतो का?
नाही. तलाव-धरणांवरचा मासेमारीचा हक्क बरेचदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्या लोकांचं पोट त्यावर असतं. आधी विचारा. आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प किंवा काटेपूर्णा अभयारण्यासारख्या हद्दीत गळ काढायचाच नाही.

## शेवटी

क्रम लक्षात ठेवा: आधी रिंगा शाबूत आहेत का, मग कड्या पुरेशा आहेत का, मग त्या योग्य जागी आहेत का. फ्रेमचा धातू आणि ब्रँड त्यानंतर. मी उलट्या क्रमाने गेले होते. चकचकीत रॉड बघून घेतला, कड्या मोजल्याही नाहीत. त्याची किंमत मी नाही, त्या माशाने मोजली. तोंडात गरी घेऊन गेलेला मासा आणि पाण्यात राहिलेला तंगूस या दोन्ही गोष्टी परत आणता येत नाहीत. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही, पाणपक्ष्यांच्या पायात गुंततो.

संक्रांतीनंतर रॉड मामांकडे नेला. त्यांनी तो डाव्या हातात तोलून पाहिला, शेंडा हलवला आणि म्हणाले, "हलका झाला बाई, कड्या वाढूनही?" मी म्हटलं, "मामा, जुन्या कड्या मोठ्या आणि जड होत्या, नव्या बारीक आहेत." त्या सकाळी त्यांना एक रोहू लागला. रीलने तीनदा लाईन सोडली, तंगूस टिकला, आणि मासा जाळीत आला.

आता घरातून निघायच्या आधी मामा खिशातून कापसाची काडी काढतात आणि प्रत्येक कडीतून फिरवतात. तुम्हीही आज तुमच्या रॉडवर तेवढं करून बघा. कापूस अडकला नाही तर उत्तम, आणि अडकला तर पुढची कामाची यादी वर आहेच.